अकिक्याच्या यादीत जन्मदाखलाही लिहा

जन्मदाखला हा तसा साधा सरकारी कागद. पण गेल्या दोन-तीन वर्षांत तो सतत बातम्यांमध्ये आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. 2024 च्या अखेरीपासून मालेगाव, अकोला, अमरावती इथल्या उशिराच्या जन्मनोंदींवरून राज्यात वादळ उठले. 2025 मध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल पडताळणी झाली आणि लोक आपले व आई-वडिलांचे जुने कागद शोधत फिरू लागले.

या बातम्या वाचून आपल्या मोहल्ल्यात दोन प्रकारची माणसे दिसतात. काही घाबरतात आणि मिळेल त्या एजंटच्या हातात कागद देतात. काही म्हणतात, "अल्लाह मालिक है, बघू नंतर." या दोघांच्या मध्ये एक साधी गोष्ट राहून जाते. आज आपल्या घरात जे बाळ जन्माला येत आहे, त्याचा कागद पहिल्या 21 दिवसांत, फुकट आणि बिनचूक होऊ शकतो. तो तेव्हा झाला नाही तर तेच काम पुढे वर्षानुवर्षे पाय झिजवते. म्हणून या प्रश्नाची चर्चा तहसील कार्यालयाच्या दारापेक्षा जच्चा-बच्चाच्या खोलीपासून सुरू व्हायला हवी.

कायद्यात नेमके काय बदलले?

जन्माची नोंद करणे 1969 च्या कायद्यापासूनच सक्तीचे आहे. 2023 च्या दुरुस्तीने त्या नोंदीचे वजन वाढवले. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळ सिद्ध करायला जन्मदाखला हाच पुरावा धरला जाणार आहे. शाळा-कॉलेजातला प्रवेश, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार ही सगळी कामे त्या यादीत आहेत. पासपोर्टचे नियमही 2025 मध्ये त्याप्रमाणे बदलले.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीशी हे ताडून पाहा. तेव्हा शाळेत नाव घालायला मूल आले की गुरुजी अंदाजाने तारीख लिहायचे. अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जून निघतो तो त्यामुळेच. पुढे आयुष्यभर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काम भागायचे. 2023 च्या आधी जन्मलेल्यांसाठी तो दाखला आणि इतर जुने कागद आजही चालतात, त्यामुळे मोठ्या मुलांच्या पालकांनी उगाच धास्ती घेऊ नये. पण आज पाळण्यात असलेल्या बाळाला ही पळवाट उरलेली नाही.

21 दिवस, 30 दिवस, एक वर्ष

कायद्याचा जिना समजून घ्या. जन्मानंतर 21 दिवसांच्या आत नोंद झाली तर कसलेही विलंब शुल्क नाही आणि दाखल्याची पहिली प्रत मोफत मिळते. 21 ते 30 दिवसांत थोडे विलंब शुल्क लागते. 30 दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटले की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि तो जन्माची खातरजमा झाल्यावरच मिळतो.

हा शेवटचा जिनाच महाराष्ट्रात वादाचा ठरला. बांगलादेशी आणि रोहिंग्यांना उशिराच्या नोंदींतून दाखले दिले गेले, असा आरोप झाला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि एक वर्षापेक्षा जुन्या जन्मांचे दाखले देणे थांबवले. मार्च 2025 मध्ये नवी, जास्त कडक कार्यपद्धती आली.

खोटा दाखला कोणी दिला किंवा घेतला असेल तर कारवाई व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण सरसकट स्थगितीचा फटका खऱ्या माणसालाही बसला. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे मूल फडावर जन्मले असेल, वीटभट्टीवर जन्मले असेल, घरी दाईच्या हातून जन्मले असेल, तर त्याची नोंद राहून जाणे हा गुन्हा नव्हे, गरिबी आहे. अशा घरांत सगळ्या जाती-धर्मांचे लोक आहेत. संशय मात्र एका विशिष्ट आडनावाकडे पाहून आधी येतो, हेही खरे. यावर लोकशाही मार्गाने बोलत राहावेच. पण ज्याच्या हातात आजचे बाळ आहे त्याने त्या जिन्यापर्यंत जायची वेळच येऊ देऊ नये.

चूक होते ती दवाखान्यातच

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 94 टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे बहुतेक बाळांची नोंद कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. मग आपले कागद चुकतात कुठे? दर जून महिन्यात पहिलीच्या प्रवेशाला बसल्यावर आम्हा शिक्षकांना ते टेबलावर दिसते. कारणे साधारण तीनच असतात.

पहिले, बाळाच्या नावाची रिकामी जागा. नॉर्मल डिलिव्हरीनंतर दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते, सिझेरियन असेल तर थोडे जास्त. आपल्याकडे नाव ठरते सातव्या दिवशी, अकिक्याला. फुफीने सुचवलेले नाव दादीला पटत नाही, नानांच्या मनात वेगळेच असते. तोपर्यंत दवाखान्यातून माहिती गेलेली असते आणि नावाचा रकाना कोरा राहतो. कायदा यात अडवत नाही. नाव नंतर घालता येते, एक वर्षापर्यंत फुकट आणि त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण "आता दाखला झाला" म्हणून आपण तो कपाटात ठेवतो आणि सहा वर्षांनी शाळेत घेऊन येतो. तेव्हा कळते की दाखल्यावर बाळाचे नावच नाही.

दुसरे, आईचे नाव. निकाहनाम्यात एक, माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे, सासरी हाक मारायचे तिसरे आणि आधारवर चौथे. प्रसूतीच्या कळा सुरू असताना केसपेपर काढणाऱ्याला घाईत जे सांगितले जाते तेच पुढे दाखल्यावर उतरते. सुधारित कायद्यात आई-वडिलांचा आधार क्रमांक असेल तर तोही नोंदीत घेतला जातो, त्यामुळे ही तफावत लगेच उघडी पडते. शिवाय 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे. आईचे नाव आता मुलाच्या नावाचाच भाग झाले. ते चुकले तर मुलाचे पूर्ण नाव चुकले.

तिसरे, आपल्या नावांची मांडणी. मराठवाड्यात 'शेख' नावाच्या आधी लागतो, मुंबईत तोच आडनाव म्हणून शेवटी जातो. कोकणात गावाचे किंवा घराण्याचे आडनाव आहे, तिथे हा घोळ कमी. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर 'मो.', तिसऱ्यावर इंग्रजीत 'एम ओ एच डी'. घरात आपल्याला हे सारखेच वाटते, पण संगणकाला ती तीन वेगळी माणसे वाटतात. शाळेत विद्यार्थ्याचे आधार जुळवताना किंवा अपार आयडी काढताना एका अक्षरावर काम अडते आणि मग बाप मजुरी बुडवून आधार केंद्रावर रांगेत उभा राहतो.

धावपळ कोणी करायची?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. नोंद मात्र जिथे जन्म झाला तिथेच होते, राहत्या गावी नाही. समजा शोहर भिवंडीत कामाला आणि बाळ जन्मले परभणीत, तर दाखला परभणीतूनच मिळणार. शोहर तीन दिवसांची सुट्टी काढून येतो, मिठाई वाटतो, परत जातो. मागे राहते ती बाळंतीण.

तिची अवस्था काय असते? टाके ओले असतात, रक्तस्राव सुरू असतो, कंबर दुखते. बाळ दर दोन तासांनी उठते, दूध पुरते की नाही या काळजीत रात्र जाते. कधी विनाकारण रडू येते आणि घरातले म्हणतात, "एवढे चांगले बाळ झाले, रडतेस कशाला?" तिला चाळीस दिवस, म्हणजे चिल्ला संपेपर्यंत जपायचे म्हणून आपण तिला बाहेर पाठवत नाही. ते बरोबरच आहे. पण 21 दिवस त्या चाळिसांच्या आतच संपतात. मग चिल्ला झाल्यावर तिलाच सांगितले जाते, "आता जाऊन ये नगरपालिकेत, तुझ्याच माहेरचे गाव आहे." तान्हे बाळ काखोटीला मारून ती खिडकीपुढे उभी राहते आणि तोवर मुदत गेलेली असते.

हे काम बापाचे आहे. तो लांब असेल तर नानांचे, मामूंचे, चाचांचे आहे. बाळाच्या कानात अजान देणारा माणूस लगेच सापडतो, अकिक्याच्या बकऱ्यासाठी दोन बाजार फिरणारेही सापडतात. त्यातल्याच एकाने दवाखान्याच्या काउंटरवर दहा मिनिटे उभे राहावे. आपला दीन तर कर्जाचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवायला सांगतो, सूरह बकरहमधली सगळ्यात लांब आयत त्याबद्दलच आहे. मग आपल्या लेकराचा कागद नीट लिहून घेणे दुनियादारी म्हणून हलके का समजावे?

काय करावे

सातव्या महिन्यापासून दवाखान्याच्या पिशवीत झबली-दुपटी भरली जातात. त्याच पिशवीत नवरा-बायको दोघांच्या आधारच्या प्रती आणि एक चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवर आईचे नाव, वडिलांचे नाव आणि कायमचा पत्ता मराठीत व इंग्रजीत, आधारवर आहे तसाच लिहा. केसपेपर काढताना तोंडी सांगू नका, चिठ्ठी पुढे करा.

बाळाची दोन नावे, एक मुलाचे आणि एक मुलीचे, आधीच ठरवून ठेवता आली तर उत्तम. नाही जमले तर अकिक्याच्या दुसऱ्याच दिवशी नोंदणी कार्यालयात नाव कळवा, 21 दिवसांत अजून दोन आठवडे शिल्लक असतात. दवाखाना सोडताना जन्माची माहिती कोणत्या कार्यालयाकडे गेली ते विचारा. शहरात ते महापालिका किंवा नगरपालिका असते, गावात ग्रामपंचायत. घरी बाळंतपण झाले असेल तर कुटुंबातल्या माणसाने स्वतः जाऊन नोंद करायची असते, आशाताईंची मदत घ्या.

दाखला नोंदणीनंतर सात दिवसांत द्यावा असे सुधारित कायदा म्हणतो. हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी एकेक अक्षर वाचा. लेखनाची चूक निबंधक दुरुस्त करू शकतात. त्यांच्या निर्णयाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते. आणि पैसे घेऊन घरपोच दाखला देणाऱ्या एजंटपासून दूर राहा. सरकारी नोंदवहीत नसलेला दाखला नुसता बिनकामाचाच नाही, तो तुमच्यावर गुन्हा दाखल होण्याचे कारण होऊ शकतो.

या कागदाचा लगेचचा फायदाही आहे. पात्र कुटुंबाला मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात आणि त्यातला दुसरा हप्ता जन्मनोंद व सुरुवातीचे लसीकरण झाल्यावरच येतो. दुसरी मुलगी असेल तर 6000 रुपये आहेत. पिवळ्या किंवा केशरी रेशन कार्डाच्या घरात 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलीला लेक लाडकी योजनेतून टप्प्याटप्प्याने 18 वर्षांपर्यंत एकूण 1,01,000 रुपये मिळू शकतात. अंगणवाडीत चौकशी करा.

एक गैरसमजही दूर व्हावा. जन्मदाखला नाही म्हणजे नागरिकत्व गेले, असे कायदा म्हणत नाही. आणि नुसता जन्मदाखला म्हणजे नागरिकत्वाचा पूर्ण पुरावा, असेही नाही. 3 डिसेंबर 2004 नंतर भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत आई-वडिलांचे नागरिकत्वही पाहिले जाते. म्हणून बाळाच्या दाखल्यासोबत अम्मी-अब्बांचे, दादा-नानांचे जुने कागद, शाळेचे दाखले, जुन्या मतदार यादीतली नोंद एका फाइलमध्ये जपून ठेवा. मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार अशा बिरादऱ्यांना ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हाही हीच फाइल उपयोगी पडते.

मशिदीच्या कमिट्या, महिलांचे बचत गट, मोहल्ल्यातल्या संस्था यांना यात फार खर्चाचे काही करायचे नाही. गल्लीत बाळ जन्मले की दुसऱ्या दिवशी विचारायचे, "माँ-बच्चा ठीक आहेत ना? दाखल्याचे काय झाले?" हे दोन प्रश्न एकत्र विचारायची सवय लागली, तर पाच-सहा वर्षांनी शाळेच्या दारात येणाऱ्या मुलांचे कागद सरळ असतील आणि त्यांच्या आयांना त्यासाठी कुणाच्या पाया पडावे लागणार नाही.