वस्तीवरील पांखरें व आपण

सात-बाराच्या उताऱ्यांत पिकाचा रकाना आहे, पाण्याच्या साधनाचा आहे, पांखरांचा नाहीं. महसुलाच्या दप्तरांत उभें आयुष्य घालविलें असल्यामुळें ही उणीव आम्हांस निवृत्तीनंतर विशेष जाणवूं लागली. शेताच्या उत्पन्नांत ज्यांचा वांटा आहे, मग तो मिळविण्याचा असो वा खाण्याचा, त्यांचा हिशेब कोणीतरी ठेवावयास पाहिजे.

मोरगांवचें नांवच मोरावरून पडलेलें. कऱ्हेकांठच्या या जिराईत मुलखांत पाऊस बेताचा व झाडी विरळ; म्हणून वस्तीवरचें एखादें लिंब, बांधावरची बाभूळ व गुरांच्या हौदांतून सांडलेलें पाणी एवढ्यावर किती जीव तगून असतात, हें बागाईतदार बंधूंस एकाएकीं खरें वाटणार नाहीं. पहांटे दयाळाची शीळ, मागोमाग साळुंक्यांचें भांडण, ऊन चढल्यावर तारेवर वेडा राघू, आणि दिवेलागणीस लिंबाच्या ढोलींतून डोकावणारा पिंगळा. चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर बसून कोतवाल तिच्या पायांनीं उठलेले किडे टिपतो. त्या चाकरीस पगार नाहीं व रजाही नाहीं. घुबड अशुभ म्हणून त्यास धोंडे मारणारा मनुष्य तर उंदरांपासून आपली कणगी राखणाऱ्यालाच हुसकून लावतो.

चिमणीची गोष्ट निराळी. माळवदाच्या व कौलारू घरांत वाशांच्या फटी, कोनाडे, देवादिकांच्या तसबिरींची मागची जागा, असे तिचे हक्काचे आसरे होते. स्लॅबच्या घरांत ते उरले नाहींत. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या खटपटीनें २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. दिवस पाळावा, पण खोकेंही टांगावें. त्याचें भोंक सव्वा इंचाचें असावें; मोठें ठेविल्यास साळुंकी घर बळकावते. दुपारचें ऊन लागणार नाहीं अशा वळचणीस तें बांधावें. चिमणी स्वतः दाणे खाते, परंतु पिलांस बहुतेक अळ्या व किडेच भरविते. यास्तव परसांतील वांगी-मिरचीवर उठल्यासुटल्या औषध फवारणारानें तिच्यापुढें तांदूळ टाकून पुण्य जोडल्याचें समाधान मानूं नये.

आतां मोराविषयीं. मोर पिकाचें नुकसान करीत नाहीं असें म्हणणारा गृहस्थ बहुधा शहरांत राहणारा असावा. पेरलेला दाणा उकरणें, कोंवळे शेंडे खुडणें हें तो नित्य करतो, आणि लहान खातेदारास तें सोसत नाहीं, ही तक्रार खरी आहे. तथापि त्यावर विष लावलेलें बी टाकणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. १९६३ सालीं मोर राष्ट्रीय पक्षी ठरला व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास मारणें गुन्हा आहे, हें तर खरेंच. पण त्याहून मोठें कारण असें कीं विष निवड करीत नाहीं. होला मरतो, तित्तर मरतो, कधीं घरचा कुत्राही मरतो. त्यापेक्षां उगवणीचे आठ-दहा दिवस राखण करावी. गोफण, बुजगावणें, चमकत्या फिती हीं साधनें पांखरांस लौकर संवयीचीं होतात, म्हणून त्यांच्या जागा बदलीत जावें. शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली येथें लोकांनीं मोरांशीं जमवून घेतलें, इतकेंच नव्हे तर मोर पाहावयास येणाऱ्यांचा पाहुणचार हा जोडधंदाच केला. सर्व गांवांस तें साधेल असें नाहीं. तेथें चिंचेची झाडी जुनी आहे.

ज्यांच्याकडे अधिक कांहीं करण्यास सवड नाहीं, त्यांनीं फाल्गुनापासून मृगापर्यंत पाणी तरी ठेवावें. मातीचें पसरट परळ घ्यावें, पाणी दोन इंचांहून खोल नसावें, मधोमध एक दगड असावा म्हणजे लहान पांखरूं बुडत नाहीं. रोज सकाळीं परळ घासून पाणी बदलावें, कारण शिळ्या पाण्यांत डांस होतात व पांखरांत रोग पसरतो. जागा सावलीची पण उघडी पाहावी. मांजर दबा धरून बसेल असें झुडूप जवळ नसावें.