विहारात कोण येते, कोण येत नाही?

चिचगड परिसरातल्या विहारांत येणाऱ्यांची पाहणी करायचे आम्ही काही कार्यकर्त्यांनी ठरवले आणि पहिल्याच बैठकीत अडलो. विचारायचे काय, आणि कुणाला?

जनगणना आपल्याला मोजते. २०११ साली महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध नोंदले गेले, देशातल्या बौद्धांच्या तीन चतुर्थांशांहून अधिक. पण त्यातले किती विहारात येतात, घरात काय मानतात, हे त्या रकान्यात नसते.

ऑस्ट्रेलियात १९९१ पासून दर पाच वर्षांनी चर्चमध्ये येणाऱ्यांना प्रश्नावली देतात. वय, शिक्षण, श्रद्धा, चर्चच्या कामातला सहभाग असे सगळे विचारतात. पद्धत चांगली आहे, पण प्रश्नावली चर्चमध्येच भरून घेतल्याने जो आला नाही तो सुटतो.

आपल्याकडे हे सुटणे महागात पडेल. बुद्ध पौर्णिमा तेंदूपत्त्याच्या हंगामात येते, वर्षावास रोवणीच्या धांदलीत सुरू होतो. पहाटे जंगलात गेलेली बाई वंदनेला दिसली नाही, म्हणून तिची धम्मावरची निष्ठा कमी धरायची का? विहारात कागद वाटले तर मास्तर आणि पेन्शनर यांचीच उत्तरे हाती येतील. त्यामुळे संध्याकाळी घरोघरी जावेच लागेल.

श्रद्धेचा प्रश्न त्याहून अवघड. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यात बौद्ध ७१९. देव मानत नाही असे सांगणारे त्यांच्यात साधारण एक तृतीयांशच निघाले. हा आकडा ऐकून आमच्यातले काही चिडले. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेऊनही हे? पण परक्या माणसाला लोकांनी निदान खरे सांगितले असावे. निळे उपरणे घातलेल्या ओळखीच्या पोराने 'प्रतिज्ञा पाळता का?' विचारले, तर 'नाही' कोण म्हणेल? कोपऱ्यातला देव्हारा आपण जाण्याआधीच पडद्याआड जाईल.

म्हणून आम्ही प्रतिज्ञांची परीक्षा काढून टाकली. त्याऐवजी विचारणार: घरातले शेवटचे लग्न कोणत्या विधीने झाले? मुलगा आजारी पडला तेव्हा दवाखान्याआधी कुठे नेला? विहाराच्या बैठकीत बाई शेवटची कधी बोलली? गोंड शेजारी जयंतीच्या जेवणाखेरीज कधी विहारात येतो का? हा शेवटचा प्रश्न काहींना नको होता. आम्ही तो ठेवला.

कागदावर नाव नाही, घर क्रमांक नाही. विचारणारा दुसऱ्या गावचा असेल. पहिली फेरी धानाची मळणी उरकल्यावर.