काटा खोटा की इंजिन?

मंडळी, 'बदलून टाका' या दोन शब्दांचा मला मनापासून तिटकारा आहे. गेल्या महिन्यात तो आणखी वाढला.

आमची गाडी पंचवीस वर्षांची. स्टेशनवर जाताना तापमानाचा काटा एकदम लाल पट्टीवर गेला. मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. तेवढे करायलाच हवे. काटा खोटा असेल असे समजून पुढे दामटणे म्हणजे इंजिनाचे वाटोळे. पण वाफ नाही, वास नाही. गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला, "हेड गॅसकेट गेलंय काका, इंजिन खोलावं लागेल." चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, विकून टाका आता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर गार पडलेल्या गाडीची मी नुसती किल्ली फिरवली. इंजिन सुरू केलेच नाही. तरी काटा लालवर! आता सांगा, बंद इंजिन उकळेल कसे?

गोष्ट साधी आहे. इंजिनावर एक छोटा सेन्सर असतो. पाणी तापले की त्याचा विद्युतरोध कमी होतो, जास्त प्रवाह वाहतो आणि काटा चढतो. म्हणजे सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा त्याची वायर सोलून बॉडीला टेकली, तर काटा थेट वर जाणार. आमच्या गाडीत सेन्सरला एकच वायर आहे. किल्ली बंद करून ती काढली, पुन्हा किल्ली फिरवली. काटा खाली! म्हणजे वायर आणि मीटर ठीक, सेन्सर गेलेला. काटा वरच राहिला असता, तर दोष वायरीत किंवा मीटरमध्ये शोधायचा. दहा मिनिटांचे काम. थंड गाडीत कूलंटही पाहिले, पुरेसे होते. नवा सेन्सर बसवला आणि काटा मध्यावर येऊन थांबला.

उलटेही होते. काटा वर चढतच नाही, आणि लोक कौतुकाने सांगतात, "आमची गाडी कशी थंड चालते!" अहो, थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल. नाहीतर वायर तुटली असेल, मग इंजिन खरोखर उकळले तरी काटा गप्प बसेल.

शाळेत उत्तरपत्रिकेवर अनपेक्षित गुण दिसले की आम्ही आधी बेरीज तपासायचो, मग मुलाला बोलावायचो. गाडीला एवढाही न्याय का नको? जुनी आहे म्हणून तिच्यावर कोणताही आरोप चालतो का? हातात पाना घेण्याआधी "कशावरून?" हा एक प्रश्न गॅरेजवाल्याला जरूर विचारा. ज्याने तपासले आहे तो रागावत नाही, कारण दाखवतो.

असो. चिरंजीव हे वाचतीलच. गाडी विकायची नाही.