सोप्या स्वयंपाकाची कैफियत

‘सोपे’ या शब्दाविषयी आपल्या मनात कुठेतरी अढी आहे. सोपा विषय, सोपा पेपर, सोपी कविता. सोपे म्हटले की ते हलके, असा आपला हिशेब ठरलेला. स्वयंपाकाच्या बाबतीत तर ही अढी फारच पक्की. पुरणपोळीला जी प्रतिष्ठा आहे ती तिच्या चवीमुळे आहे, तितकीच ती करणारीच्या दुखऱ्या कंबरेमुळेही आहे. जो पदार्थ करताना घरात कुणाला त्रास झाला नाही, त्याला ‘जेवण’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

या अढीविरुद्ध चार शब्द लिहावेत असे वाटले, ते एका परदेशी पदार्थामुळे. माझी एक मावसबहीण अमेरिकेत टेक्सास राज्यात राहते. तिथल्या एका रुग्णालयात ती परिचारिका आहे. मावशी सहा महिने तिच्याकडे राहून आली आणि आल्या आल्या तिने तक्रार केली : “अरे, पिशवीतला कुरकुरीत खाऊ ताटलीत ओतते, त्याच्यावर खिमा घालते, वरून चीज किसते आणि म्हणते, आई, जेवायला ये! ह्याला काय जेवण म्हणायचं?” ही हकीकत मी आमच्या प्राध्यापक-कक्षात गंमत म्हणून सांगितली. तेव्हा एक सहकारी (नाव सांगत नाही, ते हा अंक वाचतात) म्हणाले, “आळशी बायकांचा देश आहे तो!” पुढच्या तासाची घंटा झाली म्हणून तो वाद तिथेच राहिला. तो इथे पुरा करतो.

प्रथम पदार्थ कोणता ते सांगतो. टेक्सासात त्याला ‘फ्रिटो पाय’ म्हणतात. नावात ‘पाय’ असला तरी अमेरिकेतल्या सफरचंदाच्या पायशी त्याचा काहीही संबंध नाही. साधारण एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, गोमांसाचा खिमा कांद्याबरोबर कढईत परतायचा. त्यात लाल तिखट, जिऱ्याची पूड, लसूण आणि डब्यातला टोमॅटोचा रस घालून रटरटू द्यायचा. काही घरांत त्यात डब्यातला राजमाही पडतो. मात्र टेक्सासच्या कट्टर लोकांपुढे हे बोलू नये, चिलीमध्ये कडधान्य घालणे त्यांना धर्म बुडवल्यासारखे वाटते. मग खोलगट ताटलीत मक्याच्या जाड चिप्सचा थर, त्यावर हा गरम खिमा, वर किसलेले चीज आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. झाले. पाऊण तासाच्या आत चार-पाच माणसे जेवून उठतात. जत्रेत आणि फुटबॉलच्या सामन्यांना तर चिप्सची पुडीच उभी फाडून तिच्यात खिमा ओतून देतात. अमेरिकेच्या मध्य भागात याच धर्तीच्या पुडीला ‘चालता टाको’ असे मजेदार नाव आहे.

गोमांस हा शब्द वाचून कुणी पान उलटू नये. टेक्सास हा गुराख्यांचा मुलूख. तिथे खिमा म्हटला की तो गाईबैलांचाच. माझी बहीण कोंबडीचा वापरते, आणि जिने तिला हा पदार्थ शिकवला ती शेजारीण गोमांसाचा. दोघींच्या पाककृतीत दुसरा काहीही फरक नाही.

आणि हे सारे आपल्याला इतके परके का वाटावे? फरसाणावर उसळ, उसळीवर कट, वर कांदा-कोथिंबीर, यालाच आपण मिसळ म्हणतो आणि तिच्यासाठी कोल्हापूर, पुणे, नाशिक अशी गावागावांची भांडणे लावतो. कुरकुरीत वस्तूवर झणझणीत रस्सा ओतावा आणि ती पुरती मऊ पडण्याआधी खावी, हे शहाणपण आपल्याला टेक्सासकडून शिकायचे नाही. फरक एवढाच की मिसळ आपण हॉटेलात खातो. घरात रात्रीच्या जेवणाला कुणी नुसती मिसळ वाढली, तर आजही चार घरांपैकी तीन घरांत विचारतील, “आणि पोळी-भाजी?”

आता सहकाऱ्यांच्या ‘आळशी’ या शब्दाकडे येतो. माझ्या बहिणीची पाळी बारा तासांची असते. ती संध्याकाळी साडेसातला सुटते, घरी पोचायला साडेआठ होतात. त्या दिवशी स्वयंपाक तिचा तेरा वर्षांचा मुलगा करतो. मावशीला खरा धक्का बसला तो इथे. खिम्याला नव्हे, नातवाच्या हातातल्या उलथन्याला. माझ्या दृष्टीने साऱ्या हकिगतीतली मोलाची गोष्ट हीच आहे. अवघड स्वयंपाक एकाच माणसाला येतो, आणि ज्याला येतो त्याला तो जन्मभर करावा लागतो. पुरण वाटणे, पोळी लाटणे, भाकरी थापणे या कला आहेत हे मला मान्य आहे, पण त्या कलांनी किती बायकांना चुलीशी जखडून ठेवले याची मोजदाद आपण कधी केलेली नाही. पदार्थ सोपा झाला की स्वयंपाकघराचे दार बापाला, मुलाला, कुणालाही उघडे होते. मग ‘मला येत नाही’ ही पुरुषांची पिढीजात सबब चालेनाशी होते. सोप्या स्वयंपाकाचा आपल्याला जो राग येतो, त्याचे एक कारण हेच तर नसेल?

अर्थात सोपे म्हणजे निष्काळजी नव्हे. खिमा हा मांसाचा सर्वांत नाजूक प्रकार. अखंड तुकड्यावरचे जंतू बाहेरच्या बाजूला राहतात, पण यंत्रातून निघालेल्या खिम्यात ते सर्वत्र मिसळलेले असतात. १९९३ साली अमेरिकेत हॉटेलांतल्या अर्ध्या कच्च्या खिम्याच्या वड्यांमुळे चार मुले दगावली. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने त्या विशिष्ट जंतूने दूषित झालेला कच्चा खिमा विकण्यास मनाई केली. म्हणून आज तिथे मुलांनाही शिकवतात की खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापला पाहिजे. तेरा वर्षांचा भाचा तापमापक खुपसून पाहतो, हे मावशीने नाक मुरडतच सांगितले. मला ते फार आवडले.

आरोग्याचा आक्षेप मात्र मी टाळणार नाही. या चिप्स तळलेल्या असतात. अवघ्या अठ्ठावीस ग्रॅमला १६० कॅलरी, आणि मीठ वेगळेच. त्यावर चीज. खिम्यातही कायद्याने शंभरात तीस भागांपर्यंत चरबी चालते. रोज असे खाणाऱ्याचे वैद्याशिवाय चालायचे नाही. पण रोज मिसळ खाणाऱ्याचे तरी चालेल काय? आठवड्यातून एका थकल्या रात्रीच्या जेवणाला दैनंदिन आहारशास्त्राचे नियम लावून मोडीत काढणे मला न्यायाचे वाटत नाही.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो जेवणावर नाही. तो या सोपेपणाच्या हिशेबावर आहे. हा सोपेपणा आकाशातून पडलेला नाही. तो कुणीतरी आधी कष्टाने कमावलेला आहे, आणि त्या कुणाचे नाव पुडीवर नाही.

मका मुळात मेक्सिकोचा. तिथल्या आदिवासी स्त्रियांनी हजारो वर्षांपूर्वी एक युक्ती शोधली : मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी टरफले चोळून धुवायचे आणि ओले दाणे दगडी पाट्यावर वाटायचे. त्याने पीठ चिकट होते, रोट्या थापता येतात. पण खरा फायदा डोळ्यांना न दिसणारा. मक्यातले नियासिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळतच नाही, ते चुन्यामुळे मोकळे होते. कोलंबसानंतर युरोपने मका नेला, युक्ती मात्र नेली नाही. जिथे गरीब माणूस केवळ मक्यावर जगू लागला तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला : कातडी काळवंडते, जुलाब लागतात, शेवटी बुद्धी भ्रमते. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली त्याचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारोंचे बळी घेतले. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास दाखवून दिले की हा संसर्ग नव्हे, निकृष्ट आहाराचा परिणाम आहे. आणि नियासिनचा उलगडा व्हायला १९३७ साल उजाडावे लागले. (आपल्या दख्खनमध्येही केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा रोग दिसे, आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर मोठे काम केले. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) शास्त्रज्ञांना जे विसाव्या शतकात कळले, ते पाट्याशी बसलेल्या निरक्षर बाईच्या हातात आधीपासून होते. त्या पाट्याशी रोजचे कित्येक तास तिने घालवले, पहाटेच्या अंधारापासून. ‘आळशी बायका’ म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तेच ओले पीठ पट्ट्या पाडून तळले की ‘फ्रितोस’, म्हणजे तळलेल्या चिजा. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात गुस्ताव्हो ओल्गिन नावाचा एक मेक्सिकन माणूस त्या बनवून विकत असे. १९३२ साली, ऐन मंदीत, चार्ल्स एल्मर डूलिन या मिठाईच्या व्यापाऱ्याने त्याच्याकडून कृती, बटाटे दाबण्याच्या साच्यापासून केलेले हातयंत्र आणि एकोणीस गिऱ्हाईक दुकाने, असे सगळे मिळून शंभर डॉलरना विकत घेतले. त्या पैशांसाठी डूलिनच्या आईने लग्नाची अंगठी गहाण टाकली, असे सांगतात. पुढे तिनेच घरच्या स्वयंपाकघरात या चिप्सचे नाना पदार्थ करून पाहिले. १९६१ साली ती कंपनी बटाट्याच्या वेफर्सच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली, १९६५ साली पेप्सी-कोलाशी एकत्र आली, आणि आज ती पुडी जगभर ओळखली जाते. डूलिनने चोरी केली असे मी म्हणत नाही. सौदा उघड होता, मंदी दोघांनाही होती. ओल्गिन मात्र ते शंभर डॉलर घेऊन मेक्सिकोला परत गेला म्हणतात, आणि कंपनीच्या कथेत तो पहिल्या परिच्छेदानंतर पुन्हा येत नाही.

खिम्याच्या बाजूचीही कथा तीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनिओच्या चौकांत संध्याकाळ झाली की मेक्सिकन बायका कंदील लावून, मेजे मांडून तिखट रश्शातले मांस विकत. सैनिक, गाडीवान, गुराखी, प्रवासी, सगळे तिथे जेवत. ‘चिली क्वीन्स’, मिरचीच्या राण्या, असे त्यांना नाव पडले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनिओच्या नावाने चिलीचे दुकान लागले आणि तिची कीर्ती देशभर झाली. त्याच दशकात टेक्सासमध्येच विल्यम गेबहार्ट या जर्मन गृहस्थाने मिरच्या-मसाल्याची तयार पूड काढून बाटलीत भरली. त्या पुडीचे वंशज आज माझ्या बहिणीच्या फडताळात आहेत. खिमा वीस मिनिटांत होतो तो त्यांच्याच जोरावर.

राण्यांचे काय झाले? शहराच्या आरोग्य खात्याने भांडी धुण्याचे, माशा येऊ न देण्याचे नियम लावले, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना चौकांतून उठवले. नियम गैर होते असे म्हणवत नाही. पण त्यांना पाण्याचा नळ आणि चार भिंती देऊन तिथेच बसवणे कुणाला सुचले असते, तर ते शहराला जड गेले नसते. १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने चिली हा राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून ठराव केला. तोपर्यंत त्या चौकांतली मेजे उचलून चाळीसएक वर्षे झाली होती.