खासगीपणाच्या पडद्याआड

2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. आम्ही त्याचे स्वागतच केले. पण त्याच हक्काचे नाव पुढे करून 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम 8(1)(ञ) बदलले. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे कवच गेले. ही दुरुस्ती रद्द करा, असे निवृत्त न्या. ए. पी. शहा यांनी 2025 मध्ये ॲटर्नी जनरलना कळविले होते. मागासवर्गीयांची शिष्यवृत्ती कुणी लाटली, राखीव जागेवर कोण बसला, हे नावांशिवाय कळणार कसे? कलम 8(2) मधील जनहिताची तरतूद अजून शाबूत आहे. कार्यकर्त्यांनी प्रत्येक अर्जात तिचा आधार घ्यावा. मागितल्याशिवाय हक्क मिळत नसतात!