कोंडा की कोरडेपणा?

दिल्लीत कार्तिक सरत आला की करोल बागेतील वा पहाडगंजातील मराठी घरांत बाटलीतले खोबरेल थिजू लागते, आणि त्याच सुमारास डोके खाजत असल्याची तक्रारही ऐकू येते. खांद्यावर पांढरा भुगा दिसताच घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, 'कोंडा झाला, तेल जिरवा.' हा सल्ला कधी लागू पडतो, तर कधी दुखणे वाढवितो.

घोटाळा शब्दापासूनच आहे. हिंदीत 'रूसी' आणि 'खुश्की' हे दोन शब्द निदान उपलब्ध तरी आहेत. आपण मात्र दोहोंना कोंडाच म्हणतो. कोरड्या त्वचेचा भुगा बारीक, सुका व पांढरा असतो. डोके ताणल्यासारखे वाटते आणि बहुधा हातपायही फुटलेले असतात. खऱ्या कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळसर व तेलकट असतात. ते भुवयांत, नाकाच्या कडेला, कानांमागेही आढळतात. त्याच्या मुळाशी मालासेझिया नावाची सूक्ष्म बुरशी असते. फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी 1874 मध्ये तिचे वर्णन केले. ती आपणा सर्वांच्याच त्वचेवर राहते व त्वचेतील तेलावर जगते. मग रात्रभर तेल थापून आपण कोणाला पोसतो बरे?

कोरडेपणाचे कारण निराळे. बाहेर दाट धुके असता घरातील हवा कोरडी कशी, असे आपणांस वाटेल. सात अंशांची धुकट हवा घनमीटरमागे सुमारे 8 ग्रॅम बाष्प धरते. तीच खोलीत हीटरने 24 अंशांपर्यंत तापली की तिला जवळजवळ 22 ग्रॅम सामावता येतात. ही तूट ती आपल्या त्वचेतून भरून काढू पाहते. त्यात कढत पाण्याने न्हाण्याची हौस! गुडगाव-नोएडाकडे विंधणविहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि त्याचा चिकट साका केसांतच राहतो, ही आणखी भर.

तेव्हा कोरड्या डोक्यासाठी हीटरपासून दूर बसावे, पाणी कोमट घ्यावे आणि आठवड्यातून दोनदाच न्हावे. न्हाण्यापूर्वी तासभर कोमट खोबरेल हलक्या हाताने लावावे. उत्तरेकडील मोहरीचे तेल काहींना झोंबते. शिकेकाई वापरणाऱ्यांनी ती उकळून गाळून घ्यावी. भरड पूड डोक्यावर चोळू नये. कोंड्यासाठी मात्र कीटोकोनाझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा लावून तीन ते पाच मिनिटे ठेवावा व मग धुवावा. महिनाभरात बहुधा गुण येतो. कोंडा पुन्हा उद्भवतो खरा, पण तो अस्वच्छतेचे लक्षण नव्हे आणि संसर्गजन्यही नव्हे.

शाळकरी मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून तेथील केस मुळाशी तुटलेले दिसले, तर तो बहुधा नायटा असतो. येथे तेल, लिंबू वा नुसता शाम्पू पुरत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पोटात औषध घ्यावे लागते. चट्टा सुजून पिकला आणि उशीर झाला, तर त्या जागी पुन्हा केस न उगवण्याचा संभव असतो. अशा मुलाचा कंगवा, टोपी व उशी वेगळी ठेवावी, आणि त्याच दिवशी भावंडांचीही डोकी उजेडात नीट पाहावीत.