गोळी चुकवू नका, रंगही तपासा

क्षयरोगाची गोळी जीव वाचवते. म्हणूनच तिच्या दुष्परिणामांविषयी स्पष्ट बोलायला हवे. सरकारी उपचारात एथॅम्ब्युटॉल हे औषध पहिले दोन महिने आणि पुढचे चार महिनेही दिले जाते. चार औषधांच्या एकत्रित गोळीत ते 275 मिलिग्रॅम असते. पन्नास किलो वजनाच्या रुग्णाला रोज चार गोळ्या, म्हणजे 1100 मिलिग्रॅम. काही थोड्या रुग्णांत त्याने डोळ्याच्या नसेला इजा होते. मात्रा जास्त असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर धोका वाढतो. नजर अंधूक होते, लाल आणि हिरव्यातला फरक पुसट होतो. डोळा ना दुखतो, ना लाल होतो. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

दुष्परिणाम सांगितले तर रुग्ण घाबरून औषध सोडतील, असा आक्षेप घेतला जातो. पण अर्धवट सोडलेला उपचार जसा घातक, तशीच दडवलेली माहितीही. वेळीच औषध थांबवले तर नजर बहुधा सुधारते. उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते. शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात नेत्रतज्ज्ञ नसला, तरी अक्षरांचा तक्ता आणि इशिहारा रंगचाचणीचे पुस्तक आरोग्य केंद्रात ठेवता येते. उपचाराआधी आणि नंतर दर महिन्याला, प्रत्येक डोळा वेगळा तपासावा. रुग्णांनो, मिरची हिरवी की लाल हे ओळखताना अडखळलात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मनाने औषध बंद करू नका.